म्हापशातलं कापुलान्याचं दुकान: कापड अस्सल, चिठ्ठी मात्र अपुरी

आफ्रिकी छाप्याचं म्हणून गोव्यात जे कापड विकलं जातं, त्यातलं बरंचसं माझ्या कात्रीखालून गेलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं पॉलिस्टर निघालं आहे. किनाऱ्याकडच्या बाजारात तर सर्रास. सुलट बाजू भडक, उलट बाजू फिक्कट, इस्त्री जरा तापली की आक्रसतं. म्हणून कापुलाना, म्हणजे मोझांबिकच्या बायका गुंडाळतात ते छापील कापड, विकणाऱ्या म्हापशातल्या या दुकानाबद्दल सविस्तर लिहिते आहे. इथलं कापड सुती आहे आणि विकणाऱ्या बाईंना प्रत्येक तुकड्याचा ठावठिकाणा माहीत आहे. काही गोष्टी खटकल्या, त्याही सांगते.

मी डिचोलीला शिवणकाम करते. ब्लाउज, कुर्ते, आणि नाटकाच्या दिवसांत आसपासच्या मंडळांचे पोशाख. कॉलेजच्या मुली हल्ली फोनवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "ताई, असलं आफ्रिकन पाहिजे." कापड कुठून आणायचं हा प्रश्न माझ्यावर. मडगाव, पणजी सगळं पालथं घालून झालं, तेव्हा एका गिऱ्हाइकाने हे दुकान सुचवलं.

बाजाराच्या मागच्या अंगाला, एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत ते आहे. दारावर नाव नाही. बलकांवाच्या, म्हणजे दारापुढच्या पडवीच्या, कठड्यावर दोनचार रंगीत कापडं घातलेली दिसली की दुकान उघडं समजायचं. चालवणाऱ्या आंटी सत्तरी ओलांडलेल्या, ख्रिस्ती, बोलणं कोंकणी, मधूनमधून पोर्तुगीज. माझं डिचोलीचं मराठी-कोंकणी मिश्रण त्यांना चालतं. मी भाव विचारला तर म्हणाल्या, "हात लावन पळय, मागीर मोल विचार." (हात लावून बघ, मग भाव विचार.) त्यांचं बालपण आणि तरुणपण मोझांबिकमध्ये गेलं, आज ज्याला मापुतो म्हणतात त्या लोरेन्सु मार्किशमध्ये. वडील तिथं रेल्वेच्या कचेरीत होते. १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर वर्षभराने हे कुटुंब गोव्याला परतलं. आता भाचीकडून गाठोडी येतात.

आधी मालाबद्दल. दुकानात मुख्य कापड कापुलाना. साधारण दोन वारांचा तुकडा, पन्ना चव्वेचाळीस इंचांच्या आसपास. मोझांबिकमधल्या बायका तो कमरेला गुंडाळतात, डोक्याला बांधतात, पाठीवर मूल बांधायला वापरतात. साधा छापा ७०० रुपयांपासून, चांगल्या जाड सुताचा बाराशेपर्यंत. शिवणाऱ्यांसाठी सांगते: बिनबाह्यांचा कुर्ता एका तुकड्यात बसतो, लांब बाह्या हव्यात तर दोन तुकडे घ्या आणि दोन्ही एकाच ताक्याचे आहेत ना ते बघा, नाहीतर रंगाची छटा बदलते. छापा मोठा असतो. पुढच्या दोन भागांत नक्षी जुळवायची तर अर्धा वार जादा धरा. पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून कापण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवा. तांबडा रंग थोडा जातो, निळा आणि काळा पक्का.

टांझानियाचा कांगा जोडीने मिळतो, चारी बाजूंनी काठ आणि खालच्या अंगाला स्वाहिलीत एक ओळ. हे कापड पातळ आहे, अस्तराशिवाय शिवू नका. पश्चिम आफ्रिकेचं वॅक्स, म्हणजे राळेचा थर देऊन छापलेलं कापड, सहा वारांत येतं आणि महाग आहे, त्याबद्दल पुढे. आणि एका कप्प्यात दक्षिण आफ्रिकेचं श्वेश्वे, ज्यासाठी मी पुन्हापुन्हा जाते.

श्वेश्वे हातात घेतलं तर पुठ्ठ्यासारखं कडक लागतं. त्याला भरपूर खळ असते. गडद निळा, तपकिरी किंवा तांबडा रंग, त्यावर सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके, ठिपक्यांच्या रांगा, चांदण्या, जाळी. पन्ना जेमतेम नव्वद सेंटिमीटर, त्यामुळे घेर धरताना हिशेब नीट करावा लागतो. उलट बाजूला तीन मांजरांचा शिक्का असतो. ही छपाई पूर्वी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला व्हायची. १९९२ मध्ये द गामा टेक्सटाइल्सने त्या शिक्क्याचे हक्क घेतले आणि तांब्याचे कोरीव रूळ दक्षिण आफ्रिकेत झ्वेलित्शाच्या गिरणीत नेले. आंटींनी मला कापडाचा कोपरा जिभेला लावायला सांगितला. खारट लागला. तिकडच्या जुन्या गिऱ्हाईक बायका अस्सल कापड असंच पारखतात. धुतल्यावर खळ निघून जाते आणि मऊ, भरीव सूत उरतं. अंगावर त्याची चूण अशी पडते की इस्त्रीचं काम अर्धं होतं. त्याचा मी एक बंद गळ्याचा झगा शिवला आणि धुऊन धुऊन पाहिला. ठिपका एकही पुसट झाला नाही.

हे कापड मापत असताना आंटींनी दक्षिण आफ्रिकेच्या लिलियन न्गोयींचं नाव काढलं. मला ते माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं असं आता वाटतं, कारण ती शिवणकाम करणारी बाई होती. १९११ साली जन्मलेली, कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसणारी, तिथल्याच कामगार संघटनेतून पुढे आलेली. ९ ऑगस्ट १९५६ रोजी प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीसमोर वीस हजार बायका जमल्या. काळ्या माणसाने स्वतःच्या देशात फिरायला परवाना बाळगायचा, असा तिथला कायदा होता, आणि तो बायकांवर लादायचं चाललं होतं. त्याविरुद्ध सह्यांच्या अर्जांचे गठ्ठे घेऊन त्या आल्या होत्या. पुढे चार जणी: लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहीमा मूसा, सोफी विल्यम्स. एक काळी, एक गोरी, एक भारतीय वंशाची, एक मिश्र वंशाची. पंतप्रधान स्ट्रेडोम भेटले नाहीत. बायकांनी अर्ज दाराशी ठेवले आणि अर्धा तास गप्प उभ्या राहिल्या. वीस हजार बायका, पाठीवर पोरं बांधलेली, आणि अर्धा तास चकार शब्द नाही. भारतीय वंशाच्या बायका साड्या नेसून आल्या होत्या.

त्याच वर्षी न्गोयी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडून आलेली पहिली बाई ठरली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिला देशद्रोहाच्या खटल्यात गोवलं. पुढची बरीच वर्षं सरकारने तिच्यावर बंदीहुकूम बजावले: सभेला जायचं नाही, कुणाशी बोलायचं त्यावर पहारा, वर्तमानपत्रांनी तिचे शब्द छापायचे नाहीत. सोवेटोतल्या लहानशा घरात ती शिवणाच्या मशीनवर पोट भरत राहिली आणि १९८० मध्ये गेली, वर्णद्वेषी राजवट संपलेली न पाहता. मी स्वतः मशीनवर बसते, त्यामुळे हे मला आतून कळतं. मशीनवर हात आणि पाय गुंतलेले असतात, डोकं मोकळं असतं. देशभर ऐकला गेलेला आवाज बंद केल्यावर त्या मोकळ्या डोक्यात किती काय साठलं असेल. तिच्या देशात ९ ऑगस्ट आज महिला दिन आहे, सुट्टी असते. त्या दिवशी श्वेश्वे अंगावर दिसतं. ते शिवणाऱ्या बाईला शिलाई काय मिळते, हेही त्या दिवशी कुणी विचारत असेल तर मला आनंद होईल.

आता भिंतीबद्दल. गल्ल्याच्या मागे एक कापुलाना चौकटीत लावला आहे, विकायला नाही. त्यावर मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या जोझिना माशेलचा चेहरा. मोझांबिकमध्ये ७ एप्रिल हा महिला दिन, आणि तो तिच्या मृत्यूचा दिवस. दरवर्षी त्या दिवसासाठी कापुलाने छापतात, बायकांचे गट एकाच छाप्याचे कपडे शिवतात, आणि चतुर्थीच्या आधी आमच्याकडे जशी गर्दी होते तशी तिथल्या शिंप्यांकडे होते, असं आंटी सांगतात.

जोझिना १९४५ साली जन्मली. पोर्तुगीज राज्य, लोरेन्सु मार्किशमधलं शिक्षण, विद्यार्थी चळवळ. १९६४ मध्ये ती देशाबाहेर पडून मुक्तिसंघटनेला, म्हणजे फ्रेलिमोला मिळायला निघाली. व्हिक्टोरिया धबधब्याजवळ पकडली गेली, परत पाठवली गेली, काही महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर पुन्हा निघाली आणि टांझानियात पोचली. स्वित्झर्लंडला शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळत होती, ती तिने नाकारली. १९६७ मध्ये फ्रेलिमोने महिला तुकडी काढली, तेव्हा टांझानियातल्या नाचिंग्वेयाच्या तळावर शिकलेल्या पहिल्या पंचवीस मुलींत ती होती. दारूगोळा वाहणं, मुक्त भागाचं रक्षण, गावागावांतून लोकांशी बोलणं ही त्यांची कामं. युद्धात पोरकी झालेल्या मुलांसाठी तिने बालकेंद्रं उभी केली. १९६९ मध्ये समोरा माशेलशी, म्हणजे मोझांबिकच्या पुढच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाशी, लग्न, मुलगा झाला. आजारी असतानाही उत्तरेकडच्या प्रांतांतून पायी हिंडत राहिली. ७ एप्रिल १९७१ रोजी दार-एस-सलाममध्ये गेली. वय पंचवीस. स्वातंत्र्य तिथून चार वर्षं दूर होतं.

हे सगळं आंटींनी एका दमात सांगितलं नाही. गिऱ्हाईक येत होती, मधेच कापड मापून द्यायचं होतं. पण त्या हे सांगतात, आणि त्यासाठी वेगळे पैसे लावत नाहीत. दुसऱ्या कुठल्या कापडाच्या दुकानात माझ्या वाट्याला हे आलेलं नाही.

मी तिथं असताना किनाऱ्याकडच्या एका हॉटेलाचं सजावटीचं काम करणारा तरुण आला. त्याला जोझिनाच्या छाप्याचे पंधरा-वीस तुकडे हवे होते, उशांचे अभ्रे करायला. "चेहरा मस्त उठून दिसतोय," म्हणाला. आंटींनी विचारलं, कुणाचा चेहरा? त्याला सांगता आलं नाही. त्यांनी शांतपणे दुसरे छापे दाखवले, काजूच्या बोंडांचा, समुद्राच्या लाटांचा, आणि अभ्र्यांसाठी तेच विकले. जोझिनाचा एकही दिला नाही. मला हे पूर्ण पटलं. चेहरा असलेलं कापड कापताना हात आपोआप थांबतो. टीप कपाळावरून जाऊ नये, चुणीत डोळा जाऊ नये, चेहरा बसायच्या जागी येऊ नये, हे बघावं लागतं. असं कापड शिवायला आलं तर मी चेहरा पाठीच्या मधोमध घेते आणि कडेचा काठ घेराला लावते. यात थोडं कापड वाया जातं, ते जाऊ द्यावं.

दुकानातली माझी मुख्य तक्रार इथूनच सुरू होते. प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी असते आणि कापुलान्याच्या चिठ्ठीवर फक्त "मोझांबिक" लिहिलेलं असतं. पण काठ नीट पाहिला तर बऱ्याच तुकड्यांवर बारीक अक्षरांत "मेड इन इंडिया" छापलेलं सापडतं. आंटी लपवत नाहीत. विचारलं की सरळ सांगतात, हे जेतपूरचं. गुजरातमधल्या जेतपूरला आफ्रिकेसाठी कांगा आणि तसली कापडं छापण्याचा मोठा धंदा आहे. म्हणजे कापड गुजरातेत छापलं गेलं, जहाजाने मापुतोला गेलं, तिथल्या बाजारात विकत घेतलं, आणि विमानातल्या गाठोड्यातून म्हापशाला आलं. यात गैर काही नाही. उलट हा या कापडाचा जुनाच रस्ता आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार गोव्याहून चालायचा, आणि दीवचे व्यापारी गुजरातचं सुती कापड तिकडे नेऊन हस्तिदंत आणत. त्याच कापडाच्या बदल्यात माणसंही विकत घेतली गेली, गुलाम म्हणून. हा इतिहास ठाऊक असलेल्या दुकानाने चिठ्ठीवर एक शब्द लिहून थांबू नये. नक्षी कुठली, छपाई कुठली, विकत कुठून आणलं, एवढं तरी हवं. तिकडे स्वतःच्या गिरण्या होत्या. शिमोयुची तेक्साफ्रिका त्यांतली मोठी, ती बंद पडली. आता त्या देशाच्या क्रांतीतल्या बाईचा चेहरा दुसऱ्या देशात छापून तिथल्या बायकांना विकत घ्यावा लागतो. आपण इथं बाराशे रुपये मोजतो, तेव्हा हे आपल्याला कळलं पाहिजे.

वॅक्सच्या बाबतीत आंटींची चिठ्ठी जास्त प्रामाणिक आहे, कारण तिथं फसवणूक जास्त होते. खऱ्या वॅक्समध्ये कापडाच्या दोन्ही बाजूंना राळेचा थर छापतात, मग निळीत बुडवतात. थर जिथं तडकतो तिथं रंग आत शिरतो आणि केसासारख्या बारीक रेषा उमटतात. दोन ठिकाणच्या रेषा कधी सारख्या येत नाहीत. मग बाकीचे रंग चढवतात. म्हणून सुलट आणि उलट सारखीच गडद. मी दाराशी उजेडात नेऊन रेषा तपासल्या, काठाचा धागा जाळून पाहिला, कागदासारखी राख पडली, गाठ झाली नाही. सुतीच. काठावर डच कंपनी व्हलिस्कोचं नाव. ही कंपनी १८४६ पासून हॉलंडमध्ये हेल्मोंडला आहे. जावा बेटावरच्या बाटिकची यंत्रावर नक्कल करता करता तिचं कापड पश्चिम आफ्रिकेत रुजलं. सहा वारांचे साडेनऊ हजार. शेजारी चिनी नक्कल ठेवली आहे, अठराशेला, आणि चिठ्ठीवर "नक्कल, चीन" असं स्वच्छ लिहिलं आहे. हाच नियम कापुलान्याला लावा, एवढंच माझं म्हणणं.

या वॅक्सचा व्यापार बायकांनी उभा केला. टोगोच्या लोमे शहरातल्या व्यापारी बायकांनी एकेका नक्षीच्या विक्रीचे हक्क मिळवले. कुठली नक्षी चालेल ते त्या हॉलंडच्या कारखान्याला कळवत, नक्ष्यांना बारसं त्या घालत. त्यांनी मर्सिडीज गाड्या घेतल्या, म्हणून लोक त्यांना नाना बेंझ म्हणू लागले (तिकडे नाना म्हणजे आई किंवा आजी). त्याच शहरात जानेवारी १९३३ मध्ये फ्रेंच सरकारच्या नव्या करांविरुद्ध बाजारातल्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. बाजार आणि राजकारण या बायकांसाठी एकच होतं. पुढे जानेवारी १९९४ मध्ये फ्रेंच आफ्रिकेच्या चलनाची किंमत एका फटक्यात निम्म्यावर आणली गेली, डच कापड दुपटीने महागलं, मग चिनी नक्कल आली, आणि नाना बेंझचं राज्य मोडलं.

घानाची गोष्ट याहून जास्त बोचते. अक्राच्या माकोला बाजारातल्या बायकांनी स्वातंत्र्याच्या लढ्यात न्क्रूमांच्या, म्हणजे घानाच्या पुढच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या, पक्षाला पैसा आणि माणसं पुरवली. ऑगस्ट १९७९ मध्ये, क्रांतीच्या नावाने सत्ता घेतलेल्या रॉलिंग्सच्या सैनिकांनी तोच बाजार सुरुंग लावून उडवला. महागाईचं खापर व्यापारी बायकांवर फोडलं गेलं. बंदूक घेतलेली बाई भिंतीवर लावायला सगळ्यांना आवडते. गाठोडं घेतलेली बाई, जी त्याच चळवळीला जेवू घालते, ती सत्तेला लगेच साठेबाज दिसू लागते. मला दोघींचं मोल सारखं वाटतं. या दुकानात भिंतीवर एक आणि गल्ल्यावर दुसरी आहे, हेही मला आवडतं.

गोव्याचा धागा आंटींच्या बोलण्यात सतत येतो. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद झाला, आफ्रिकेतले नेते आले, आणि दोन महिन्यांत १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्याचा राग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या सरकारने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता जप्त केली, नंतर देशाबाहेर काढलं. आंटी तेव्हा लहान होत्या. गल्लीतलं गुजराती कापडवाल्याचं दुकान एका सकाळी उघडलंच नाही, एवढं त्यांना आठवतं. सिता व्हालेशबद्दलही त्यांनीच सांगितलं. गोंयकार आईवडिलांची मुलगी, १९५१ मध्ये अंगोलाच्या काबिंडात जन्मलेली, वैद्यकीची विद्यार्थिनी, लिस्बनमध्ये कम्युनिस्ट विद्यार्थ्यांची पुढारी. १९७५ मध्ये स्वतंत्र होणाऱ्या अंगोलात परतली. २७ मे १९७७ च्या उठावानंतर ज्या क्रांतीसाठी ती परतली होती, त्याच क्रांतीच्या सरकारने तिला पकडून ठार केलं. वय सव्वीसही पुरं नव्हतं. मागे तान्हं मूल. गोव्यात किती जणांना हे नाव ठाऊक आहे? आमच्या शाळेत तर ते कधी कानावर आलं नाही.

आणि आमच्या बायका? म्हापशातच ६ एप्रिल १९५५ रोजी सुधाताई जोशींनी बंदी झुगारून नॅशनल काँग्रेस गोवा या मुक्तिसंघटनेच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं आणि तुरुंगात गेल्या. लिबिया लोबो सरदेसाईंनी वामन सरदेसाईंबरोबर नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत गुप्त रेडिओ चालवला, तोही जंगलात राहून. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वत्सला कीर्तनींना जून १९४६ मध्ये मडगावला पकडलं होतं. यांच्यातल्या एकीचाही चेहरा मी कधी कापडावर पाहिलेला नाही. आंटींना मी सुचवलं आहे: ६ एप्रिलसाठी एक कापड छापून घेऊ, सुती, दोन वारांचं, आपल्याकडच्या कुणबी साडीच्या तांबड्या-पांढऱ्या चौकडीचा काठ देऊन, आणि कडेला नाव, साल, छपाईचं गाव लिहून. त्यांना कल्पना पसंत आहे. छापणारा परवडेल असा मिळाला पाहिजे. डिचोलीतल्या आमच्या महिला मंडळाने पन्नास तुकड्यांची हमी घेतली आहे.

बाकी बारीकसारीक. दुकानात शिवूनही देतात, पण ते मी सुचवणार नाही. बाहेरचा कारागीर येतो, त्याच्या हातच्या कपड्याला मुंढ्यात ओढ बसते आणि आतली शिवण इंटरलॉक केलेली नसते. कापड घ्या, शिवणं तुमच्या बाईकडे. डोक्याला कापुलाना बांधायच्या पद्धती आंटी स्वतः बांधून दाखवतात, त्या जरूर शिका, माझ्याबरोबर आलेल्या दोघी मुली तशाच बांधून बसने घरी गेल्या. खोलीतला दिवा पिवळा आहे, रंग ठरवायचा तर बलकांवावर या. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितली की वहीतलं पान नीट लिहून देतात. कापलेलं कापड परत घेत नाहीत, ते योग्यच आहे. श्वेश्वेचा भाव मीटरला साडेसहाशे, जरा चढा वाटतो, तरी या सुताला तो मी देते.

सकाळी दहा ते एक आणि दुपारची विश्रांती झाल्यावर चार ते सात. रविवारी बंद. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही आणि आंटींना बोलायला फुरसत नसते, म्हणून मधला वार धरून जा. फोनवरून पैसे चालतात. नवीन गाठोडं बहुधा ७ एप्रिलनंतर येतं, त्या दिवसाचे छापे हवे असतील तर आधी सांगून ठेवा, आणि चिठ्ठीवर छपाईचं गाव लिहायला आठवणीने सांगा. दहा जणींनी सांगितलं तर त्या लिहितील, अशी मला खात्री आहे.